रक्त तपासण्याआधी मुलाची पोळी बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाचं पोट फुगतं, सारखी हगवण लागते, खाल्लेलं अंगी लागत नाही, असं दिसलं की ‘गहू बंद करून बघा’ हा सल्ला हल्ली कुणीही देतं. सिलिॲक आजारात नेमका हाच सल्ला घात करतो. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे या मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारी आतली लव झिजते. आजार कळतो तो रक्तातल्या टीटीजी-आयजीए तपासणीतून, म्हणजे आतड्यावर उलटलेल्या प्रतिपिंडांच्या मोजणीतून. आयजीए हा प्रतिपिंडाचा प्रकारच अंगात कमी असेल तर ही तपासणी फसते, म्हणून सोबत एकूण आयजीएही बघावं लागतं आणि बहुतेक मुलांमध्ये दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून खात्री करतात. गहू सोडला की टीटीजी उतरतं, लव भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल नॉर्मल येतो. मग त्याच लेकराला पुन्हा काही आठवडे पोळी खाऊ घालून तपासावं लागतं.

हगवण नसली तरी हा आजार असू शकतो. महिनोन् महिने लोहाचं औषध देऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, उंची खुंटली आहे, वयात येणं लांबलं आहे, अशा मुलांचं टीटीजी करून घ्यावं. टाइप-1 मधुमेह असलेल्या मुलांचं आणि रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचंही करावं.

एकदा निदान झालं की गहू आणि जव जन्मभर बंद. यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध. मराठवाड्यात ज्वारी-बाजरीची भाकरी घरोघरी आहे, त्यामुळे महागड्या पाकिटांवाचून निभावतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी तर लोह आणि जस्त जास्त असलेली आहे, आणि या मुलांना दोन्ही कमी पडतात.

तरीही पथ्य पाळणाऱ्या घरातलं टीटीजी कधी कधी उतरत नाही. अशा वेळी आधी गिरणीकडे बघावं. गव्हाच्या दळणानंतर दगडांत आणि पीठ पडतं त्या कापडी पिशवीत गव्हाचं पीठ राहतं. समजा, 5 किलो ज्वारीत ते फक्त 50 ग्रॅम मिसळलं. 80 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 0.8 ग्रॅम गव्हाचं पीठ गेलं, म्हणजे साधारण 70 मिलिग्रॅम ग्लुटेन. रोज 50 मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते. घरघंटी असेल तर ती फक्त ज्वारी-बाजरीसाठी ठेवा. नसेल तर ज्वारी निवडून घ्या, गव्हाचा दाणा राहू देऊ नका. गिरणी झाडून सकाळचं पहिलं दळण मागा आणि सुरुवातीचं किलो-दोन किलो पीठ घरातल्या मोठ्यांसाठी बाजूला काढा. चाळणी, परात, तवा वेगळा ठेवा.

बाकीची चूक डब्यांत सापडते. बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, धपाट्याचं पीठ, सातूचं पीठ यांत गहू पडतो. कुरडया, शेवया, रवा गव्हाचेच. खपली गहू चालतो, ही समजूत चुकीची आहे. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतं. पोहे, मुरमुरे, भगर, साबुदाणा, राजगिरा, शेंगदाण्याचा लाडू, अंडी बिनधास्त द्या. सुरुवातीला दूध पचत नसेल तर ते थोडे आठवडे थांबवा, लव भरली की बहुतेकांना पुन्हा पचतं. अंगणवाडीत आणि शाळेत लेखी कळवा: तांदळाची खिचडी चालेल, बिस्किट आणि वाढदिवसाचा केक नाही. दर सहा महिन्यांनी उंची, वजन आणि टीटीजी बघून घ्या.

गिरणीचालकांना आग्रहाची विनंती आहे. आठवड्यातला एक वार फक्त ज्वारी, बाजरी आणि तांदळासाठी ठेवावा, आदल्या रात्री दगड उघडून झाडावेत, पिशवी धुऊन वाळवावी आणि तो वार गिरणीच्या दारावर लिहून लावावा.

– बालआहार क्षेत्रातील वाचक, लातूर