उडनाडाटा ट्रॅकवरच्या त्या दोघांचे आभार

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या उडनाडाटा ट्रॅकवर आम्हाला मदत करणाऱ्या त्या वयस्कर जोडप्याचे मनापासून आभार मानायचे आहेत. त्यांनी नाव सांगितलंच नाही.

मारी ते मार्ला हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता बराचसा जुन्या घान रेल्वेच्या कडेने जातो. १९८० साली बंद पडलेल्या या मार्गावरची ओसाड स्थानकं आईला बघायची होती. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाबातून आलेल्या उंटवाल्यांनी हा प्रदेश उभा केला, हे वाचल्यापासून तिला फार ओढ होती.

कर्डिमुर्का स्थानकाच्या पुढे धारदार दगडाने टायर चिरला. स्टेपनी लावली, तर तिच्यातूनही हवा जाऊ लागली. मोबाइलला रेंज नाही, ऊन रणरणतं.

मग ते आले. काकांनी स्टेपनीचं भोक शोधून त्यात रबराची वात बसवली, आपल्या कंप्रेसरने हवा भरली. पुन्हा तपासली, पुन्हा भरली. काकूंनी तर आधी आईकडेच पाहिलं. पुढच्या सीटवरचा कुत्रा मागे नेला, सीट पुसली, आईला एसीत बसवलं, ओला रुमाल दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी नातवंडांचे फोटो बघून झाले!

विल्यम क्रीकपर्यंत ते आमच्या मागेच राहिले. पैसे घेतले नाहीत. ॲडलेडच्या मराठी मंडळींनो, ही हकिगत ओळखीची वाटली तर आमचा नमस्कार त्यांना जरूर कळवा. आई रोज त्यांची आठवण काढते.