विषय: 'सॉल्टवॉटर सेफ' चिलरमधला पितळी जॉइंट, मेलेले कोरल आणि तुमचं 'खाऱ्या हवेचं' उत्तर

प्रति,
कस्टमर केअर आणि वॉरंटी विभाग

नमस्कार,

टँकचं पाणी थंड ठेवणाऱ्या तुमच्या चिलरमुळे माझे कोरल (प्रवाळ) मेले, या तक्रारीवर तुमचा मेल मिळाला. त्यात लिहिलंय की ग्राहक समुद्रकिनारी राहत असल्यामुळे खाऱ्या हवेने मशीनला गंज चढला, सबब वॉरंटी लागू नाही. आता मला एक सांगा, जे मशीन तुम्ही खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकता, ज्याच्या पोटातून चोवीस तास खारं पाणीच फिरणार आहे, त्याला खारी हवा सोसत नाही? घरात सगळे हे वाचून हसले, मी सोडून. आणि ऑर्डर घेताना पत्ता तुम्हीच टाइप करून घेतलात ना, त्यावर रत्नागिरी लिहिलेलंच होतं, तेव्हा नाही कोणी म्हणालं की तिकडे आमचा माल चालत नाही.

फोनवर दर वेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून सांगायला लावतो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

टँक 200 लिटरचा आहे, तुमचंच रीफ किट, म्हणजे काच, सम्प (खालची फिल्टरची टाकी), प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), लाइट वगैरे. चिलर त्याच बिलात होता पण स्टॉक नाही म्हणून मागाहून पाठवतो म्हणालात. किट आल्यावर मी घाई केली नाही, लाइव्ह रॉक (जिवाणूंनी भरलेले समुद्री दगड) टाकून सायकल, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढायचा काळ, पूर्ण होऊ दिली, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, मग गोगलगायी आणि क्लीनर श्रिंप, मग क्लाउनफिशची जोडी, आणि त्यानंतरच कोरल. कोरल म्हणजे सॉफ्ट प्रकारातलेच, झोआ, मशरूम आणि एक लेदर, बिलासकट. सॅलिनिटी (खारटपणा) 35, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) 8 ते 9 च्या मध्ये, सगळं वहीत लिहिलेलं आहे, फोटो पाठवलेत. होळीच्या सुमारास झोआ असे काही फुलले होते की शेजारची पोरं शाळेतून सुटली की आधी आमच्याकडे यायची. चिलर तेव्हा यायचाच होता, हे लक्षात ठेवा.

एप्रिल सरता सरता पाणी 29 अंशांच्या वर जायला लागलं. तुमचा माणूस म्हणाला तोवर पंखा लावा. पंख्याने पाणी थंड होतं ते वाफ होऊन, आणि कोकणात मे महिन्यात हवाच इतकी दमट असते की वाळत घातलेले कपडेपण ओले राहतात, तिथे पंखा काय दिवे लावणार. आणि पाणी 30 च्या वर टिकून राहिलं की कोरल आतलं शेवाळ बाहेर टाकून पांढरे पडतात, म्हणजे इकडे चिलर ही काही चैन नाही, त्याच्याशिवाय कोरल ठेवूच नयेत. शेवटी एकदाचा तुमचा चिलर मेच्या सुरुवातीला आला, लगेच जोडला, तापमान मस्त 26 वर आलं. मी खूश.

आणि त्याच आठवड्यात टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडायला लागल्या, उलट्या, परत सरळ होईनात. मग श्रिंप कात टाकताना अर्धवट अडकून मेला. मग झोआ मिटले ते उघडलेच नाहीत, लेदर मऊ पडून बुडापासून सडलं. वास असा की आई देवघराचं दार लावून बसली. पण क्लाउनफिश ठणठणीत! खातायत, भांडतायत. ज्याला या छंदातलं थोडंफार कळतं त्याला इथेच कळेल की हे तांबं आहे. माशांना व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) झाला की औषध म्हणून तांबंच देतात, मासे ते सोसतात, पण गोगलगाय, श्रिंप, कोरल यांना ते विष. अमोनिया वाढला असता तर मासे असे ठणठणीत राहिले नसते.

कॉपर टेस्ट किट मागवलं. टँकच्या पाण्यात तांबं निघालं. आरओच्या (फिल्टरने शुद्ध केलेल्या) पाण्यात नाही, नुसत्या ताज्या मीठ-पाण्यातही नाही. मग नवीन बादलीत ताजं मीठ-पाणी घेतलं, त्यात फक्त तुमचा चिलर आणि एक पंप, रात्रभर चालू ठेवला. सकाळी त्या पाण्याची टेस्ट केली तर रंग बदलला, तक्त्यावर 0.3 च्या आसपास. व्हिडिओ पाठवलाय, तुमच्यापैकी कोणी बघितलाय असं उत्तरावरून तरी वाटत नाही.

त्यानंतर गावातल्या फ्रिज-एसीवाल्याला बोलावून त्याच्यासमोर पाण्याच्या बाजूचं कव्हर उघडलं. (उघडलं म्हणून वॉरंटी गेली असं म्हणू नका, तुमच्याच मॅन्युअलमध्ये ते कव्हर काढून साफ करा असं लिहिलंय.) कॉइल टायटॅनियमची असेलही, पण ती जिथे पाइपला जोडलीय तिथला जॉइंट चक्क पितळेचा आहे. त्याच्या आट्यांवर हिरवा भुगा, बोटाने पुसला तर बोट हिरवं, आणि आतल्या कडेला जिथून पाणी सतत घासून जातं तिथे धातू लालसर उघडा पडलेला. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलापण माहीत असतं, तुमच्या डिझाइनवाल्यांना कसं नाही? बाहेरचा पत्रा बघा, स्क्रू बघा, एकावरही गंजाचा ठिपका नाही. म्हणजे खारी हवा बाहेरचं सगळं सोडून, बंद पाइपात शिरून फक्त पितळच खाऊन आली काय?

तुमच्या मॅडमने पहिल्या फोनवर घरच्या पाण्यावर ढकलून बघितलं, म्हणून तेही सांगतो. आमच्याकडे विहिरीचं पाणी, जांभ्यातलं, त्यात लोह असतं हे मान्य, म्हणूनच आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढणारा फिल्टर) लावलाय आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) 0 आल्याशिवाय मी मीठ मिसळत नाही. घरात तांब्याचा पाइप कुठेही नाही. समुद्राचं पाणीपण वापरत नाही, इकडे लोक वेड्यात काढतात की समुद्र दारात आणि हा मिठाची पिशवी विकत आणतो, पण जेटीजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो आणि पावसात खाड्यांचं गढूळ गोडं पाणी येऊन मिसळतं, ते टँकला कसं चालेल.

आणि तुमच्या टेक्निकल सपोर्टवाल्याचं आणखी एक बोलणं. तो म्हणे, सर कशाला टेन्शन घेता, तुम्ही तर कोकणात राहता, मालवणला जाऊन कोरल आणि दगड फुकट घेऊन या ना. भल्या माणसा, मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तोडून आणणं सोडा, बाळगलं तरी तुरुंगाची वाट. ग्राहकाला असला सल्ला देणाऱ्याला आधी समोर बसवून हे सांगा. हा कॉल माझ्याकडे रेकॉर्ड आहे.

आता मला काय पाहिजे ते. चिलरचे सगळे पैसे परत, रिप्लेसमेंट नको, कारण नवीन पीसमध्येही तोच जॉइंट असणार. मेलेल्या जिवांचे पैसे, बिलं जोडलीत. आणि लाइव्ह रॉकचेही, कारण रॉक तांबं शोषून घेतो आणि पुढे हळूहळू परत पाण्यात सोडत राहतो, त्या रॉकवर मी आता कोरल ठेवायला धजणार नाही. यावर तुमचा माणूस "रॉक तर निर्जीव आहे ना सर" असं म्हणालेला आहे, लाइव्ह रॉक तुम्हीच विकता हो! शिवाय या मॉडेलच्या जाहिरातीवरचं 'सॉल्टवॉटर सेफ' काढा आणि ज्यांना ज्यांना हा पीस गेलाय त्यांना कळवा, कोणीतरी आत्ता या क्षणी आपल्या हाताने मीठ मोजत बसला असेल आणि गोगलगायी का पडतायत ते त्याला कळत नसेल.

15 दिवसांत लेखी उत्तर द्या, फोन नको. नाही आलं तर 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच केस टाकता येते, 5 लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, म्हणजे तारखेला रत्नागिरीला यायचंय ते तुम्हाला, मला नाही.

पिकअपसाठी परवा कुरियरवाला न सांगता आला होता, त्याला मशीन दिलं नाही. जॉइंट वेगळा काढून पिशवीत सील करून फ्रिज-एसीवाल्याच्या सहीनिशी ठेवलाय. चिलर पाहिजे असेल तर जॉइंटच्या फोटोवर कंपनीचा शिक्का आणि सही घेऊन माणूस पाठवा.

आपला ग्राहक,
रत्नागिरी

सोबत: बिलं, टेस्टचे फोटो, बादलीचा व्हिडिओ, वहीची पानं