तुकड्यांमधून कोण गेलं?

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

बाबांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या उपासनेनंतर चहा घेताना तू विचारलंस, "पाळकसाहेब सारखं करार करार म्हणत होते. देवाशी करार कसला? भाडेकराराला तरी दोन सह्या लागतात." त्या गर्दीत मी काहीतरी पुटपुटलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या बायबलच्या दोन भागांची नावंच जुना करार आणि नवा करार. पण तुझं खरं आहे, हा शब्द ऐकला की आधी स्टॅम्पपेपरच डोळ्यांपुढे येतो. मूळ हिब्रू शब्द 'बरीथ'. आणि बरीथ करत नाहीत, 'कापतात'. का, ते बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात आहे.

अब्राम म्हातारा, पोटी मूल नाही. देव म्हणतो, हा देश तुला वतन देईन. तो विचारतो, हे मी कशावरून समजू? देव त्याला तीन वर्षांची कालवड, बकरी, एडका, शिवाय एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरतो, अर्धं अर्धं समोरासमोर मांडतो. करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जात : शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात शब्द फिरवणाऱ्यांना नेमकी हीच आठवण दिली आहे.) मांसावर पाखरं झडप घालतात, अब्राम ती हाकलत राहतो. सूर्य मावळायला लागतो आणि त्याला गाढ झोप लागते. मग अंधारात त्या तुकड्यांमधून एक धुमसती शेगडी आणि जळती मशाल जाते, ती देवाचीच खूण. अब्राम जात नाही. त्याला कोणी 'चल' असंही म्हणत नाही.

आपल्याकडे बेलभंडार उचलला की शब्द मागे घेता येत नाही. इथे तो देवाने एकट्याने उचलला. पण त्याने शपथ कोणाची घ्यायची? नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात अब्राहामाला (अब्रामचंच पुढचं नाव) दिलेल्या वचनाबद्दल म्हटलंय : त्याच्याहून मोठा कोणी नव्हता, म्हणून त्याने स्वतःचीच शपथ वाहिली.

सगळेच करार असे नाहीत. पुढे सिनाय डोंगरापाशी इस्राएल लोकांनी 'परमेश्वराने सांगितलेलं सगळं करू' असं कबूल केलं, त्यांचा पुढारी मोशे याने त्यांच्यावर रक्त शिंपडलं, आणि थोड्याच दिवसांत पूजेला सोन्याचं वासरू उभं राहिलं. आपला शब्द तेवढाच टिकतो. म्हणून यिर्मया हृदयावर लिहिलेल्या नव्या कराराची वाट पाहतो. आणि मरणाच्या आदल्या रात्री येशू प्याला घेऊन म्हणतो, हा माझ्या रक्तातला नवा करार आहे. शब्द आम्ही मोडला, आणि तुकड्यांमधून जो गेला होता त्यानेच ती गत सोसली. माझा सगळा विश्वास यावर उभा आहे.

बाबांची शेवटची दोन वर्षं तू पाहिलीस. पहाटे उठून प्रार्थना करणारा माणूस प्रभूची प्रार्थनाही विसरला. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून थांबायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. ज्याला देवच आठवत नाही, त्याच्या विश्वासाचं काय? हे मी आईलाही विचारलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यात पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. बाबांना भाकर गिळवेना, म्हणून त्यांनी ती द्राक्षारसात भिजवून ओठांशी धरली आणि 'नवा करार' हे शब्द उच्चारले. मी ते शेकडो वेळा ऐकलेत. त्या दिवशी मला गाढ झोपलेला अब्राम आठवला, आणि कित्येक महिन्यांनी छाती हलकी झाली.

बाबांनी घास गिळला आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं आणि त्यांचं तोंड पुसलं.

तुझाच,
मित्र