आई, बांगड्यांचं राहू दे

ती. आई आणि बाबा,
ख्रिस्तात सलाम.

फोनवर हे बोलणं होत नाही. आई "बरं बरं" म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा पुण्यात पाऊस किती झाला ते विचारतात. म्हणून सरळ लिहायला बसले.

आई, साखरपुड्यात तुझे हात मोकळे पाहिले. गळ्यात काळी पोतही नव्हती. उपवास-प्रार्थनेला येणाऱ्या त्या बाहेरगावच्या बंधूंनी सांगितलं म्हणे, की दागिना म्हणजे जग, टिकली म्हणजे मूर्तिपूजा. तुला स्वतःला देवापुढे तसं वाटलं असतं आणि तू सगळं काढून ठेवलं असतंस, तर मी एक अक्षर बोलले नसते. पण स्वयंपाकघरात तू मला हळूच म्हणालीस, "प्रभू आला आणि मी अशीच सापडले तर गं?" अशीच म्हणजे कशी, आई? दोन काचेच्या बांगड्या घातलेली?

ते बंधू बायबलातलं पेत्राचं पहिलं पत्र उघडतात, तिसरा अध्याय, तिसरं वचन. केस गुंफणं नको, सोनं नको. चौथं वचन वाचायच्या आत त्यांचं संदेश देणं सुरू होतं. पेत्राला सांगायचंय ते तर चौथ्यात आहे: अंतःकरणातला माणूस, सौम्य आणि शांत आत्मा, देवाला मोलाचा वाटतो तो. आता ज्या वचनात सौम्यपणा सांगितलाय, त्याच्याच जोरावर शेजारच्या नव्या सुनेला आपल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्याच, पायरीवर टिकली काढायला लावली गेली. चार बायकांसमोर. तू तिथे होतीस, आणि तूही बोललीस असं कळलं. ती पोरगी त्यानंतर उपासनेला आलेली नाही. टिकली गेली, तिच्याबरोबर ती पोरगीही गेली.

पंडिता रमाबाईंचं तू मला लहानपणी सांगायचीस. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनचं, म्हणजे आपल्या नगरच्या केडगावचं नव्हे, दौंडजवळच्या. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ साली झाला. पुढे अमेरिकेत फिरल्या, भाषणं दिली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. सगळ्या जगाला त्या ख्रिस्ती म्हणून माहीत होत्या. आणि नंतर आपल्या साक्षीत त्यांनीच लिहिलं, की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या ध्यानात आलं. आठ वर्षं! बाहेरून बघणाऱ्याला काय कमी दिसलं असतं त्यांच्यात? विधवांसाठी काम तर तेव्हाही चालूच होतं. वेश देशीच राहिला, मांसमच्छी त्यांनी कधी जवळ केली नाही, आणि यावरून कुणाला काही वाटलं तर वाटो, अशी ती बाई होती. तुझ्या त्या बंधूंनी त्यांना बघून कुठल्या खुणेवरून ओळखलं असतं, की हे १८८३ आहे की १८९१?

लक्ष्मीबाई टिळकांचं तर उलटंच. त्या आपल्याच राहुरी-नगरात राहिल्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी बाईंनी आपलं सोवळं सोडलं नाही, चूल वेगळी ठेवली. मग ते सोवळं आतूनच सुटत गेलं, आणि बाप्तिस्मा झाला १९०० साली. कुणी पायरीवर उभं करून सोडवलेलं नव्हतं ते. म्हणून मला वाटतं, की देव आत कधी आणि कुठून शिरेल याचा हिशेब आपण दाराशी बसून करू नये.

आणि तुझं म्हणशील तर मी स्वतः पाहिलंय, आई. आजीची शेवटची वर्षं. तिने तुला काय काय ऐकवलं होतं ते मला ठाऊक आहे. भाकरी जाड झाली म्हणून ताट सारलेलं मी पाहिलंय. तीच आजी आंधळी होऊन खाटेवर पडली, तेव्हा तू तिला रोज कुशीवर वळवून पाठीला पावडर लावायचीस, चादर बदलायचीस, जटा होऊ नयेत म्हणून तेल घालून केस विंचरायचीस. कुणाला सांगितलंही नाहीस. पाळकसाहेबांना तर नाहीच. बांगड्या वाजल्या की आजी म्हणायची, "आली का माझी बाय?" तुला आधी कधी तिने बाय म्हटलं नव्हतं. तुझ्यातलं काय बदललं होतं हे त्या बंधूंना दाखवता येणार नाही, पण त्या आंधळ्या म्हातारीला ते दिसलं होतं.

बाबा, तुम्ही मिशीत हसताय ना? मी म्हणतच होतो, असं? आता तुमचं ऐका. नाताळला कोट, पहिलं बाकडं, पंचकमिटीच्या निवडणुकीत कोण कुणाच्या बाजूने, कापणीच्या सणाला लिलावात पहिला नारळ आपणच घ्यायचा. मला हे सगळं आवडतं, खोटं कशाला बोलू. तुमचं अर्पणही मनापासून असतं. पण वेदीपाशी अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हेही प्रभूच सांगतो, आणि काका दोन बाकडी मागेच बसतात. बांधावरून सुरू झालेलं भांडण. बांध कुणाचा ते तलाठी सांगेल. प्रभुभोजनाला तुम्ही दोघं एकाच रांगेत गुडघे टेकता आणि बाहेर आल्यावर एक मोटरसायकल डावीकडून जाते, एक उजवीकडून. वाटी नुसती बाहेरून घासणाऱ्या परूश्यांना, त्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, येशू जे बोलला, ते फक्त आईच्या प्रार्थनागटाला लागू आहे असं नाही.

रागावू नका. तुमच्याच पोटची आहे, तोंड तुमचंच घेतलंय.

आई, पोत घालायची की नाही ते तुझं तू ठरव, मी पुन्हा विचारणार नाही. पण या रविवारच्या आत त्या सुनेच्या घरी जाऊन ये. उपदेश नको, नुसता चहा घे. आणि बाबा, काकांच्या बोअरची मोटर जळलीय असं चुलतभाऊ सांगत होता. आपल्या विहिरीचं पाणी त्यांच्या कांद्याला दोन पाळ्या गेलं तर आपलं काही अडत नाही. पाईप मोठ्या खोलीत माळ्यावर आहे.

मी नाताळच्या आधी येते. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
धाकटी