यादी मागितलीस म्हणून

नागपूर, मंगळवार

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी माझा निरोपसमारंभ आहे, त्यात दाखवायला व्हिडिओ करतेयस, त्यासाठी 'बाबा, तुमचे पाच बेस्ट मोमेंट पाठवा' असा तुझा मेसेज मिळाला. फोनवर टाइप करत बसण्यापेक्षा कागद बरा, म्हणून लिहितोय. आई फोटो काढून पाठवेल.

रविवारी फोनवर जे झालं त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही. तू चिडलीस, मी चिडलो, विषय संपला. फक्त शेवटी 'ठेवते' म्हणालीस त्यातला 'ठे' ऐकूच आला नाही, एवढं नोंदवतो आणि यादीकडे वळतो.

पहिला अर्थातच 31 ऑक्टोबर 1987. तुला झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवशील. सिव्हिल लाइन्सचं व्हीसीएचं, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं मैदान, विश्वचषक, समोर न्यूझीलंड. चेतन शर्माने रुदरफोर्ड, स्मिथ, चॅटफील्ड अशा तिघांचे ओळीने त्रिफळे उडवले. विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक, आणि ती आपल्या गावात! मग अंगात ताप असलेले गावस्कर खेळायला आले आणि 88 चेंडूंत नाबाद 103 करून गेले. एवढ्या मोठ्या कारकिर्दीतलं त्यांचं एकदिवसीय सामन्यातलं ते एकमेव शतक. 222 धावांचं लक्ष्य आपण 32.1 षटकांत गाठलं. मी तेव्हा कॅज्युअल, म्हणजे हंगामी म्हणून नुकताच रेडिओवर जायला लागलो होतो, काम फक्त रात्रीच्या तीन मिनिटांच्या वृत्तांताचं. भारताचे पहिले कसोटी कप्तान सी. के. नायडू नागपूरचे आणि त्यांचाही जन्म 31 ऑक्टोबरचाच, 1895 चा, हे मी मोठ्या हौसेने लिहून नेलं होतं. वरिष्ठांनी पेन्सिलीने कापलं. म्हणाले, आज नायडूंना कोण ऐकतंय? खरंच होतं त्यांचं.

पण त्या दिवशी गॅलरीत इतका ओरडलो होतो की स्टुडिओत बसलो तर आवाजच फुटेना. त्याच वरिष्ठांनी कोमट पाणी दिलं आणि दम भरला, 'खाकरू नको. घसा खाकरून साफ होत नसतो, सोलतो.' तू खाकरतेस, मनू. परवाच्या सामन्यात दोन षटकांच्या मध्ये माइक बंद करायला विसरलीस तेव्हा ऐकलं मी. आणि कुजबुजत बोललं की घशाला आराम मिळतो हाही गैरसमज आहे, त्यानेही ताण पडतो. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. हे माझ्या मनचं नाही, कुठलाही डॉक्टर सांगेल. तुझा दिवाळीपासून बसलाय.

झालं, लागलो भाषण द्यायला. माफ कर. पुढे.

दुसरा, जामठ्याचं नवं मैदान, नोव्हेंबर 2008, समोर ऑस्ट्रेलिया. तिथली पहिली कसोटी आणि गांगुलीची शेवटची. त्यांच्या क्रेझा नावाच्या पोराने पदार्पणातच बारा बळी घेतले. गांगुली दुसऱ्या डावात पहिल्याच चेंडूवर बाद, तरी लोकांच्या लक्षात काय राहिलं? शेवटची काही षटकं धोनीने त्याच्या हाती कप्तानी दिली ते. 2016 मधला, आपण 79 धावांत सर्वबाद झालो तो सामना व्हिडिओत टाकू नकोस. पाहुणे जेवायला येणार आहेत.

तिसऱ्या जागी चिटणीस पार्कची कबड्डी टाक. कुठलं साल, कुठला चषक, कोण जिंकलं, कुणाला आठवत नाही आणि मलाही आठवत नाही. थंडीचे दिवस, हॅलोजनचे खांब, माइकला बांधलेला माझा रुमाल, आणि सामना ऐन रंगात असताना महालातली वीज गेली. पोट्टे चढाईला उभे, पंच शिट्टी तोंडात धरून, आणि अंधारगुडुप. पब्लिक बिथरलं असतं. मी नुसत्या घशाच्या जोरावर बोलत सुटलो. मघाची पकड कशी झाली, कुणाचा घोटा कुणी धरला, लोण कसा चढला, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दिवे येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. त्यानंतर दोन दिवस मी पाटीवर लिहून बोलत होतो आणि आजी तुळशीचा काढा पाजत होती. त्या वयात भरून निघतं सगळं. तुझंही वय लहान आहे, मान्य. पण आम्ही हंगामात दोन-चार स्पर्धा करायचो. तू रोज संध्याकाळी चार तास त्या काचेच्या खोलीत एसीत बसून किंचाळतेस. 'किंचाळतेस' शब्द मागे घेतो.

चौथा, रणजी. 2017 च्या डिसेंबरात कोलकात्याला विदर्भाचा कर्नाटकाशी उपांत्य सामना. त्यांना हव्या होत्या 198, आपण 192 वर गुंडाळलं. पाच धावांनी! गुरबानीने त्या डावात सात बळी घेतले. मी तिथे नव्हतो, आपल्या स्वयंपाकघरात होतो. तू फोनवरचा स्कोअर बघून आजीला समालोचन ऐकवत होतीस, तिला तेव्हा दिसत नव्हतं ना. फोनवर नुसतं 'एक धाव' असायचं आणि तू सांगायचीस, 'ऑफस्टंपच्या बाहेर, जरा आखूड, पॉइंटला ढकलला, एकच धाव मिळेल आजी.' सगळं बनवलेलं! मी दारात उभा राहून ऐकलं आणि मनात म्हटलं, ही पोरगी बँकेत जात नाही. शेवटची विकेट पडल्यावर तू जी ओरडलीस, तो तुझा आवाज पहिल्यांदा बसला. तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढे इंदूरला स्वतःच्या पैशाने गेलो. गुरबानीची अंतिम सामन्यातली हॅट्ट्रिक, वाडकरच्या 133, आणि 1 जानेवारी 2018 ला विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता. ज्या संघाला सगळे फुकटच्या गुणांची सोय समजायचे तो. फोनवरून बातमी देताना माझ्याकडून स्कोअरच सांगायचा राहिला, पलीकडून विचारावा लागला. मग 2019 मध्ये जामठ्यावर अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध सरवटेने पुजाराला दोन्ही डावांत टिपलं, आणि 2025 मध्ये पुन्हा तिथेच केरळविरुद्ध चषक. सवय लागली विदर्भाला. 2025 च्याच जुलैत आपली दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, पण बुद्धिबळाचं रेडिओवर काय सांगणार बाप्पा? 'ती विचार करतेय'?

पाचवा नाहीच. तुझ्या पहिल्या सामन्याची मी मोबाइलवरून करून ठेवलेली टेप आहे, ती टाकायची तर टाक. त्यातला तुझा आवाज आणि आत्ताचा आवाज लागोपाठ ऐकून बघ, एवढंच म्हणतो.

मी घाबरट आहे असं तू म्हणालीस. आमच्यातला एक जण, नाव नको, वर्षभर ज्येष्ठमध चघळत राहिला. हंगाम संपला की दाखवतो म्हणायचा. आमच्यात सगळ्यात गोड गळा त्याचा होता. तुला तसं काही असेल असं मी म्हणत नाही. नसेलच. साध्या गाठी असतात, आराम दिला की जातातही. पण 'नसेलच' हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय मला.

तर आता कामाचं. दुरांतो शनिवारी सकाळी पोचते, मी स्टेशनवर येतो. घरी जाऊन पोहे खा, आणि साडेदहाला धंतोलीत. तिथल्या डॉक्टरांकडे मी माझ्या नावाने नंबर लावलाय. मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं हे खरंच आहे, आईला विचार. तू नुसती सोबत चल. आत आलीच आहेस तर बस म्हणाले, तर त्याला मी काय करू? समारंभ सहाला आहे, भरपूर वेळ आहे.

तुझे
बाबा

ता. क. व्हिडिओला आवाज तू देऊ नकोस. कुणाकडून तरी करून घे. मला तुझाच हवा होता, तरी.