मोजणीवाल्या काकांना, लंडनच्या लाइमहाऊसहून

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, ठेवतो, पन्हळ बघायचीय" म्हणून फोन ठेवून देता. मे महिन्यातसुद्धा. तेव्हा आता चार लोकांसमोरच लिहिते. म्हणजे तुम्हाला ठेवायला फोनच नाही.

सुरुवात आमच्या बांधावरून झाली, आठवतंय? गावाकडच्या जमिनीची मोजणी झाली होती, 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची नक्कल, हातात आली होती आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मैत्रिणीचे वडील भूकरमापक होते, आता निवृत्त आहेत, एवढ्या भांडवलावर मी तुम्हाला फोन केला. तुम्ही एक तास समजावलंत आणि शेवटी सहज विचारलंत, "तुझ्या तिकडच्या घराचा नकाशा कसा आहे, तो दाखव की." मी गूगलचा नकाशा उघडला. तुम्ही म्हणालात, "हा नकाशा नव्हे, ही पत्रिका. लग्नाच्या हॉलचा रस्ता दाखवतात तसली."

मग शोधता शोधता तो सापडला. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याचा, लंडनचा मोठा नकाशा, 1893 ते 1896 मध्ये छापलेला. एडिंबरोला स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, त्यांनी त्याचे सगळे कागद स्कॅन करून, एकमेकांना जोडून फुकट ठेवलेत. मी स्क्रीन शेअर केली आणि तुमचा आवाजच बंद झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं. थोड्या वेळानं आवाज आला, "प्रमाण किती लिहिलंय?"

एकास एक हजार छप्पन्न. मला तो आकडा वेडगळ वाटला होता. तुम्ही तोंडी हिशेब केलात: 5280 फुटांचा मैल, भागिले 1056, म्हणजे मैलाला पाच फूट कागद. एक इंचात 88 फूट. "आपल्या साखळीनं दोन साखळ्या, जवळजवळ पावणेअकरा आणे," असं तुम्ही पुढं जोडलंत, आणि मला तेव्हा कळलं की 33 फुटांची सोळा आण्यांची साखळी अजून तुमच्या डोक्यात सरळ पडलेली आहे. त्यांची साखळी 66 फुटांची, आपल्या दुप्पट. हे कळल्यावर तुमचा त्या लोकांवर जरा विश्वास बसला, असं मला वाटलं.

मी अर्थातच आधी स्वतःचं घर शोधायला निघाले होते. सगळे तेच करतात. जुन्या नकाशाखालचा आजचा नकाशा दाखवणारी पारदर्शकतेची पट्टी मागे-पुढे सरकवायची, आपल्या स्वयंपाकघराच्या जागी पूर्वी काय होतं ते बघायचं, "अय्या" म्हणायचं आणि बंद करायचं. तुम्ही मला थांबवलंत. "घर सोड. आधी हद्द बघ, मग उंची बघ, मग माणसं दिसतील." तुमचं हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंही नव्हतं.

तर हद्द. पॅरिशची, म्हणजे एका चर्चखालच्या विभागाची, हद्द तुटक ठिपक्यांनी जाते आणि तिच्या कडेला बारीक अक्षरं असतात. एफ.डब्ल्यू. हे काय? तुम्ही क्षणात म्हणालात, "फेस ऑफ वॉल. हद्द भिंतीच्या दर्शनी अंगानं जाते, मधून नाही. भांडणं इथंच होतात." मी तपासलं, बरोबर होतं. सी.आर. म्हणजे रस्त्याची मध्यरेषा, तेही बरोबर. एल.बी. मात्र चुकलं! तुम्ही ठासून सांगितलंत "लोकल बोर्ड", आणि मला दर चौथ्या गल्लीत लोकल बोर्डाची कचेरी बघून त्या लोकांचं कौतुक वाटू लागलं. ती टपालपेटी निघाली. तुम्ही दोन दिवस फोन उचलला नाहीत, पण मी तो विषय आज परत काढलाय, कारण तुम्ही तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करून "बरं, मग पी.एच. म्हणजे काय?" असं विचारलंत. पब. कोपऱ्या-कोपऱ्यावर पब. इथे तुमची प्रतिक्रिया देत नाही, काकूही वाचतील.

आमचं लाइमहाऊस हे थेम्सच्या काठी, गोद्यांच्या शेजारचं. चुन्याच्या भट्ट्यांवरून पडलेलं नाव. नकाशात नदीकाठी जहाजदुरुस्तीच्या सुक्या गोद्या, वखारी, लाकडाचे अड्डे, सगळं खच्चून भरलंय. आज जिथे रोपमेकर्स फील्ड्स नावाची बाग आहे तिथे मी डबा खाते. जहाजांचे दोर वळणाऱ्यांवरून ते नाव आलं, हे मला पाटी रोज वाचूनही सुचलं नव्हतं. आणि आमची ती बिनचालकाची गाडी, डीएलआर, जिच्यातून मी कामाला जाते, ती 1840 मध्ये बांधलेल्या रेल्वेच्या विटांच्या कमानींवरूनच धावते. पट्टी कितीही सरकवा, बाकीचं सगळं बदलतं, कमानी हलत नाहीत. तुम्ही म्हणालात, "हे तुझं कायमचं चिन्ह. मोजणी इथून धर." तसंच केलं.

कागद जोडल्यावर सांधे पुसले जातात, हे तुम्हाला आवडलं नाही. "शीट कुठे संपतं ते कळायला हवं, तिथे मोजणारा माणूस बदलतो." मग मोठं करून बघितलं तर एका रस्त्यावर शाईचा रंग किंचित पालटलेला दिसला. सांधा होता. तुम्हाला पाचशे रुपयांची नोट सापडल्यासारखा आनंद झाला.

याच शहराची आधीची मोजणी 1848 ला सुरू झाली, ती गटारांसाठी. कॉलराची धास्ती होती, सांडपाणी कुठून कुठे वाहतं याचा कुणाला पत्ता नव्हता, आणि गटार आयोगाला उंचीसकट नकाशा हवा होता. सैन्यातल्या सॅपर, म्हणजे बांधकाम-मोजणी करणाऱ्या तुकडीच्या लोकांनी सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटावर, थेट क्रुसाच्याही वर, लाकडी परांची बांधली आणि तिथून कोन मोजले. हे सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "यंत्र वर कुणी नेलं?" साहेब कोण होता, हे तुम्ही विचारलंच नाहीत. तुमच्याबरोबर रानोमाळ साखळी ओढणाऱ्यांची नावं तुम्हाला अजून पाठ आहेत, ते मग लक्षात आलं.

आता लंडनच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथचा नकाशा. तो मी मोठ्या उत्साहानं पाठवला, त्यावरून आपलं वाजलं. 1889 ला त्यानं पहिला छापला, 1898-99 ला सुधारून पुन्हा. लंडनच्या प्रत्येक गल्लीला रंग: पिवळा म्हणजे श्रीमंत, लाल मध्यमवर्ग, गुलाबी खाऊनपिऊन सुखी, फिकट निळा म्हणजे आठवड्याला 18 ते 21 शिलिंगांत घर चालवणारे, गडद निळा त्याहून खाली, आणि काळा म्हणजे सगळ्यात तळाचे, ज्यांना तो अर्धेमुर्धे गुन्हेगारच धरतो. त्याची माणसं पोलीस शिपायांबरोबर गल्लोगल्ली फिरली, त्यांच्या वह्यासुद्धा स्कॅन झाल्यात. त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आहेत म्हटल्यावर तुम्ही "म्हणजे बाबासाहेबांच्या कॉलेजात" असं म्हणून जरा सैलावलात. पण काळ्या रंगावर अडलात. "1835 ला इंदापुरात गोल्डस्मिड-विंगेट या इंग्रज साहेबांनी मोजणी सुरू केली, तेव्हा जमिनीची प्रत आण्यांत लावली. इतक्या आण्यांची माती. यानं माणसांना आणे लावले की गो."

मी तेव्हा बूथची बाजू घेतली. लंडनचे जवळपास तीस टक्के लोक गरिबीत आहेत हे त्याच्या आकड्यांनी दाखवलं, ते नसतं तर कुणी मानलं नसतं, वगैरे. अजूनही मला तसंच वाटतं. पण शोरडिचजवळची ओल्ड निकोल ही काळी वस्ती पाडून तिथे 1900 मध्ये नव्या चाळींचं उद्घाटन झालं, आणि उठवलेल्या लोकांतल्या फारच थोड्यांना तिथे घर मिळालं. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

आणि ती इमारत. वेस्ट इंडिया डॉक रोडवरचं स्ट्रेंजर्स होम, परदेशी खलाशांसाठीची धर्मशाळा. 1856 ला पायाभरणी, 1857 ला सुरू, 1937 ला बंद. पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांनी देणगी दिलेली. तिथे उतरणाऱ्या आपल्या लोकांना मी इंग्रजांसारखं नुसतं 'लास्कर' म्हणाले, तर तुम्ही मला दटावलंत: "खलाशी म्हण. आमच्या खाडीकाठची माणसं ती." पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे, स्वयंपाकघरात आणि वाढायला गोव्याचे, हे मला तुमच्याकडून कळलं. तुमच्या लहानपणी तुमच्या वाडीत बोटीवरून परतलेले एक वृद्ध चाचा होते आणि ते लंडनला 'लंडन' न म्हणता 'डाक', म्हणजे डॉक, म्हणायचे, हेही त्याच दिवशी कळलं. ते या धर्मशाळेत उतरले असतील का, ते आपण दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मी तिथे गेले. फोनवर जुना नकाशा, त्यावर माझा निळा ठिपका. ठिपका मध्येच थेम्समध्ये जाऊन पडत होता, तुम्ही व्हिडिओवर "बुडशील, अलीकडे ये" म्हणत होतात. धर्मशाळेच्या जागी आता लोकांची घरं आहेत, वाळत घातलेले कपडे, सायकली. तुमच्या सांगण्यावरून दर्शनी बाजू पावलांनी मोजली. एक बाई खिडकीतून बघत होती, तिला मी हात केला.

परतताना एका जुन्या भिंतीच्या तळाशी ती दिसली. दगडात कोरलेली आडवी रेघ आणि खाली तिच्याकडे टोक करणारा तिहेरी बाण. बेंचमार्क. नकाशात बी.एम. आणि पुढे आकडा, लिव्हरपूलच्या समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत. मी फोटो पाठवला, त्यावर तुमचं उत्तर एका ओळीचं आलं: "बोट लावून बघ, कड अजून धारदार आहे का."

आहे, काका. मी लावून बघितलं.

तुमची,
लाइमहाऊसची पुतणी

ता. क. आपल्या बांधाचं राहिलंच. तुम्ही सांगितलंत तसा 'क' प्रतीवरून बाबांनी पुन्हा जाऊन बघितलं. दगड शेजारी म्हणतात तिथेच आहे. बाबा अजून मानत नाहीत, एकदा तुम्हीच फोन करा.