प्रयोगशाळा कुठे आहे, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकात प्रवेशाची माहिती पानेच्या पाने येते. गेली दोन वर्षे मी ती कात्रणे काढून ठेवतो आहे, काही मुलीसाठी आणि काही स्वतःसाठी. मुलीच्या उपयोगाचे त्यात पुष्कळ मिळाले. पंचेचाळिशीत विज्ञानाची पदवी घ्यायची असेल तर विद्यापीठ कसे निवडायचे, याबद्दल मात्र एक ओळही सापडली नाही, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत २२ वर्षे काम करतो आहे. १९९८ साली बारावी सायन्स झालो आणि त्याच वर्षी वडिलांनी अंथरूण धरले. कॉलेज राहिले ते राहिलेच. आज रसाचा नमुना आला की ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) काढणे, रस निवळून गाळणे, साखर मोजणाऱ्या पोलॅरिमीटर या उपकरणाची नळी भरणे, आकडा नोंदवणे हे सगळे माझ्या हाताखालून जाते. नळीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो. केमिस्टच्या जागेसाठी मात्र बी.एस्सी. लागते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शुगर टेक्नॉलॉजीची पदव्युत्तर पदविका करायची म्हटली तरी आधी पदवी हवीच.

पण खरे कारण बढतीचे नाही. ऊस तोडून दोन-चार दिवस पडला की आम्ही म्हणतो, ‘इन्व्हर्जन झाले, साखर उतरली.’ हा शब्द मी २२ वर्षे वापरला. गेल्या वर्षी मुलीचे रसायनशास्त्राचे पुस्तक चाळताना कळले, की साखरेचे द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवते आणि त्याच साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज झाले की ते डावीकडे फिरते. दिशा उलटते म्हणून इन्व्हर्जन! आपण रोज ज्या नळीला डोळा लावतो तिच्यात काय चालते, हे इतकी वर्षे कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या रात्री मुलगीच म्हणाली, “बाबा, तुमच्या ॲडमिशनचं पण बघू या का?”

आधी नेहमीच्या कॉलेजात चौकशी केली. खिडकीवरच्या बाबूंनी फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले, “काका, पालकांची सही इथं.” विद्यार्थी मीच आहे म्हटल्यावर ते गडबडले, पण नीट बोलले. वयाची आडकाठी नव्हती. अडले ते ७५ टक्के हजेरीवर. दुपारी प्रॅक्टिकलची बॅच, वेळेवर जर्नल तपासून सही, आणि इकडे तीन पाळ्यांत चालणारा कारखाना. नोकरी सोडली तरच हे जमेल.

मग मुक्त शिक्षणाकडे वळलो. आमच्याकडे अजून याला ‘पोस्टाची डिग्री’ म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहितो : मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा कमीपणा बाळगायचे कारण नाही. मात्र विद्यापीठाला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावे. मला एका एजंटाने ‘एका वर्षात बी.एस्सी., प्रॅक्टिकलला यायची गरज नाही’ असे सांगून आगाऊ पैसे मागितले होते. यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव नव्हते. प्रॅक्टिकल नसलेली केमिस्ट्री घेऊन मी तरी काय करणार होतो?

नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे. प्रा. राम ताकवले तिथले पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आमच्या पिढीला पाठ आहे. आमच्या भावकीतल्या दोघी सुना तिथून बी.ए. झाल्या. पण मी ज्या जवळच्या अभ्यासकेंद्रात गेलो तिथे विज्ञान शाखाच नव्हती. कला-वाणिज्याची पुस्तके घरी नेऊन वाचता येतात, ब्युरेट आणि पिपेट घरी नेता येत नाहीत. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बी.एस. अभ्यासक्रमही पाहिला. वयाची अट नाही, पात्रता परीक्षेची तयारी तेच करून घेतात, मधल्या टप्प्यावर थांबलात तरी हातात काहीतरी पडते. गणिताची आवड असलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही मी तो सुचवेन. माझी ओढ रसायनाची.

शेवटी इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, निवडले, त्यामागचा हिशेब सांगतो. बी.एस्सी.चे १३२ श्रेयांक (क्रेडिट), एका श्रेयांकाला अभ्यासाचे ३० तास, म्हणजे ३,९६० तास. पदवी तीन वर्षांत होते, पण सहा वर्षांपर्यंत मुभा आहे. सहा वर्षांत विभागले तर रोज जवळजवळ दोन तास पडतात. पाळी सांभाळून तेवढे निघतील. दुसरे, परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात. डिसेंबरात आमचा गळीत हंगाम भर जोरात असतो, रजा मागायचीही सोय नसते. पण डिसेंबरचा पेपर पुढच्या जूनमध्ये देता येतो, आणि जूनमध्ये कारखाना बंद असतो. माझे विद्यापीठ या एका गोष्टीने ठरले, असे म्हटले तरी चालेल. पुस्तके मराठीत नाहीत, इंग्रजी-हिंदीवर भागवावे लागेल, याचे वाईट वाटते.

आता मागणे. ज्या ज्या विद्यापीठात दूरस्थ विज्ञान पदवी आहे त्यांनी माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर तीन गोष्टी छापाव्यात : प्रात्यक्षिके कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात आणि सलग किती दिवस. वीस वर्षांच्या मुलाला हे नंतर कळले तरी तो बॅग भरून जातो. ज्याच्या घरी म्हैस आहे, आजारी आई आहे, पाळीचे काम आहे, त्याला प्रवेशाआधी कळायला हवे. शुल्क भरल्यावर कळले तर पहिल्याच वर्षी शिक्षण सुटते. मग दोष मात्र वयाला दिला जातो.

दुसरे मागणे शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांकडे. मे महिन्यात त्यांच्या प्रयोगशाळांना कुलूप असते. नेमक्या त्याच दिवसांत साखर कारखान्यांचे हंगामी कामगार घरी असतात. मुक्त विद्यापीठांशी करार करून तीन-चार आठवडे त्या प्रयोगशाळा आम्हाला उघडून द्याव्यात. वाजवी शुल्क आम्ही भरू. काचेची भांडी आम्ही जपून हाताळतो, ते आमचे रोजचे काम आहे.

आमच्याच प्रयोगशाळेत माझ्याखेरीज आणखी तिघे बारावी सायन्स आहेत. मी फॉर्म भरल्याचे कळल्यापासून एकजण रोज विचारतो, “दादा, प्रॅक्टिकल कुठं असतंय?” त्याला सांगण्यासारखे उत्तर या जूनपर्यंत मिळाले, तर पुढच्या जुलैत तोही फॉर्म भरेल.

आपला,
एक साखर कामगार
करवीर तालुका, जि. कोल्हापूर